फॉइलचें पातें : पारख आणि निवड

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या तलवारबाजीच्या वर्गांत एक पातें तुटलें. सरावाची वेळ संपत आली होती. नववींतील एक विद्यार्थी पुढें झेपावला, प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर त्याच्या शस्त्राचें अग्र टेंकलें, पातें कमानीसारखें वांकलें, आणि वाळलेली काडी मोडावी तसा आवाज होऊन अग्रापासून वीतभर अंतरावर त्याचे दोन तुकडे झाले. झेप घेणाऱ्याचा हात थांबला नाहीं. तो थांबणें शक्यहि नव्हतें. तुटक्या पात्याचें करवतीसारखें टोंक समोरच्या मुलाच्या जाकिटावरून घसरत गेलें व काखेपाशीं चार बोटें कापड फाडून बाहेर पडलें. आंत दुसरें संरक्षक वस्त्र होतें, म्हणून अंगावर ओरखडाहि उमटला नाहीं.

मुलें हंसलीं. ज्याचें जाकीट फाटलें तो मुलगाहि हंसला. मला मात्र हंसूं आलें नाहीं. कारण तें पातें तुटण्यापूर्वीं तीन आठवडे त्यास एके ठिकाणीं कोन पडलेला मीं पाहिला होता, आणि "एवढें सत्र निघून जाईल" असें म्हणून मींच तें पुन्हां मुलांच्या हातीं दिलें होतें. नव्या पात्याचे पैसे वाचवावे हा त्यांत हेतु होता. त्यानंतर पात्यांविषयीं जें कांहीं वाचलें, विचारलें व करून पाहिलें, तें विद्यार्थ्यांपुढें मांडावें म्हणून हा लेख लिहीत आहें. जे या खेळांत नाहींत त्यांसहि यांत पोलादाची कांहीं गंमत सांपडेल अशी आशा आहे.

प्रथम शस्त्राची ओळख. आधुनिक तलवारबाजींत फॉइल, एपी व सेबर अशीं तीन शस्त्रें आहेत. त्यांपैकीं फॉइल हें मुळांत शिकण्याचें शस्त्र. खऱ्या तलवारीनें शिकूं गेल्यास गुरुशिष्यांपैकीं एकाचीच विद्या पुरी व्हावयाची, म्हणून युरोपांतील उस्तादांनीं हलकें, बिनधारेचें व टोंकाला बोंड लावलेलें शस्त्र सरावासाठीं काढलें. टोंकावरील बोंड कळीसारखें दिसे, यावरून फ्रेंच लोकांनीं त्यास फुलाचें नांव दिलें. फॉइलनें केवळ टोंचावयाचें असतें, आणि तेंहि धडावरच. हातापायांस किंवा मुखवट्याच्या जाळीस झालेला स्पर्श गुणांत धरीत नाहींत.

अशी बोथट शस्त्रें आपल्याकडे नव्हतीं असें कोणी समजूं नये. आखाड्यांत तलवारीऐवजीं चामड्यानें मढविलेला गदका व ढालीऐवजीं लहानशी फरी घेऊन हात फिरवीत. घोडेस्वार भाल्याच्या जागीं बोथाटी वापरीत. आपल्या वऱ्हाडांत या विद्येस आधुनिक काळीं जें स्थान मिळालें त्यांत अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा वांटा मोठा आहे. १९१४ सालीं तें स्थापन झालें आणि १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळीं त्याच्या पथकानें तेथें भारतीय खेळ करून दाखविले. योगायोग असा कीं, त्याच बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें एपीच्या सामन्यांत स्पर्श मोजण्यासाठीं विजेचें यंत्र लावलें गेलें. फॉइलला ऑलिंपिकमध्यें ही वीज १९५६ सालीं मेलबर्न येथें मिळाली. असो.

आतां मुख्य विषय. नवशिक्या विद्यार्थ्यास वाटतें कीं, तलवार म्हणजे एकसंध वस्तु. ती मोडली म्हणजे सगळीच गेली. तसें नाहीं. मूठ, हात झांकणारी वाटी, तिच्या आंतील मऊ गादी आणि पातें हे सर्व सुटे भाग असून मुठीच्या मागील टोंकाशीं एका नटानें ते आवळलेले असतात. मूठ व वाटी वर्षानुवर्षें टिकतात; पातें मात्र झिजतें, वांकतें व शेवटीं तुटतें. वहीचे कागद संपतात तसें पातें संपतें. म्हणून या खेळांत पातें निवडणें हें काम एकदांच करून भागत नाहीं.

ही रीत परदेशी आहे असेंहि नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील सिंदखेडराजा येथें १२ जानेवारी १५९८ रोजीं जिजाबाईंचा जन्म झाला. त्यांचे पिते लखुजी जाधवराव ज्या दख्खनमध्यें वावरले, त्या दख्खनमध्यें तलवारीची मूठ एका देशची व पातें दुसऱ्या देशचें ही गोष्ट नवलाची नव्हती. जर्मनींतील सोलिंगेन, इटलींतील जिनोआ अशा ठिकाणीं घडलेलीं सरळ व लांब पातीं पोर्तुगीजांच्या व इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरत, आणि येथील कारागीर त्यांना देशी मूठ चढवीत. फिरंग्यांकडून आलेलें पातें म्हणून त्या तलवारीस फिरंग हें नांव पडलें. पातें बसविण्याची युक्ति पाहण्यासारखी होती. मुठीच्या पोकळींत तापवून पातळ केलेली राळ भरावयाची व तींत पात्याची शेपटी रोवावयाची. राळ थिजली कीं मूठ पक्की. पुढें पातें खराब झालें तर मूठ पुन्हां तापवावयाची, राळ सैल होऊन पातें सुटून येई व त्याच मुठींत दुसरें बसे. आज आम्ही राळेच्या जागीं आटे व नट वापरतों, इतकाच फरक.

याच्या उलट वाहतूकहि होती. निजामाबादकडील कोनासमुद्रम् गांवीं मुशींत वितळवून केलेलें पोलाद इराणी व्यापारी विकत घेऊन जात व त्याचीं पातीं इराणांत घडत. तें पोलाद कर्बयुक्त व अतिशय कठीण. त्याची धार प्रसिद्ध होती. परंतु कठीणपणा व चिवटपणा हे दोन गुण एका पोलादांत सुखानें नांदत नाहींत. धार टिकावी तर पोलाद कठीण हवें. वांकून पुन्हां सरळ व्हावें तर चिवट हवें. फॉइलला धारच नसल्यामुळें तिला दुसऱ्या गुणाची गरज अधिक, आणि पातें निवडणाऱ्यानें हें सूत्र ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

दुकानदारास पत्र लिहितांना पहिला प्रश्न येतो तो लांबीचा. पात्यांना ० पासून ५ पर्यंत क्रमांक असतात. ५ क्रमांकाचें पातें ९० सेंटिमीटरचें. फॉइलसाठीं याहून लांब पातें नियमांत बसत नाहीं. २ क्रमांकाचें सुमारें साडेब्यायशीं सेंटिमीटरचें असतें. मोठ्या विद्यार्थ्यांनीं ५ क्रमांक घ्यावा. पांचवी-सहावींतील मुलांच्या हातीं मात्र तें देऊं नये, जरी त्यांस तेंच हवें असलें तरी. लांब पात्याचें वजन हातापासून दूर जातें, मनगट थकतें, आणि थकलेलें मनगट खांद्याकडून काम करून घेऊं लागतें. ही संवय एकदां जडली कीं ती सोडवितांना शिक्षकाचे व शिष्याचे दोघांचेहि हाल होतात. आमच्या वर्गांत एक लहानगा वडील भावाचें पातें हट्टानें वापरीत असे. त्याचा हल्ला तलवारीचा न वाटतां लग्गीनें चिंचा पाडल्यासारखा वाटे.

दुसरा प्रश्न लवचिकपणाचा, आणि येथें जरा थांबावयास हवें. कारण याची परीक्षा आपल्याला शाळेंतच करतां येते. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे : पातें अग्रापासून ७० सेंटिमीटरवर आडवें घट्ट धरावें, अग्रापासून ३ सेंटिमीटरवर २०० ग्रॅम वजन टांगावें, आणि अग्र किती खालीं येतें तें मोजावें. हें अंतर साडेपांच सेंटिमीटरहून कमी व साडेनऊ सेंटिमीटरहून अधिक नसावें. याला लागणारें साहित्य तें किती! कार्यशाळेंतील व्हाइस, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंतील वजनें, आणि भिंतीवर चिकटविलेला आलेखाचा कागद. व्हाइसच्या जबड्यांत लांकडाच्या पट्ट्या घालावयास विसरूं नये, नाहीं तर परीक्षेंतच पात्यावर खांचा पडतील.

साडेपांचाहून कमी लवणारें पातें ताठ. त्याचा स्पर्श स्पर्श न राहतां धक्का होतो. समोरच्याच्या बरगड्यांस तो जाणवतो व मारणाऱ्याच्या मनगटासहि. फार लवणारें पातें वेताच्या छडीप्रमाणें डुलतें. हात थांबला तरी अग्र थांबत नाहीं, आणि नेम हातांत असून अग्रांत नसतो. या दोन टोंकांच्या मधील निवड ज्याच्या त्याच्या खेळावर आहे. जो प्रतिस्पर्ध्याचें पातें बाजूस सारून सरळ रेषेंत जातो त्यास किंचित् ताठ पातें मानवतें; जो मनगटाच्या झटक्यानें अग्र पाठीवर किंवा खांद्यावर टाकूं पाहतो त्यास मऊ पातें लागतें. नवशिक्यास मात्र मधलेंच द्यावें. आपला खेळ कोणता हेंच ज्यास अद्यापि कळलेलें नाहीं, त्यानें पात्याच्या नाजूक छटांत शिरूं नये असें माझें मत आहे.

गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीं येथें एक गोष्ट सांगतों. एका बाजूनें पक्क्या धरलेल्या पट्टीचें लवणें तिच्या जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणांत असतें. रुंदी तीच ठेवून जाडी शेंकडा १० नें कमी केली, तर ०·९ चा घन ०·७२९. म्हणजे लवणें सुमारें शेंकडा ३७ नें वाढलें. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, दिसावयास सारखीं असणारीं दोन पातीं हातांत इतकीं निराळीं कां लागतात. दुसरी, गंज काढण्यासाठीं पातें कानशीनें घांसणारा माणूस नकळत त्याचा स्वभावच बदलून टाकीत असतो. गंज काढावयाचा तर बारीक पॉलिश-कागदानें, आणि तोहि लांबीच्या दिशेनें. आडव्या ओरखड्यांतून पुढें चिरा फुटतात.

आतां पोलादाचा प्रश्न. खरा खर्चाचा व खरा जिवाचा प्रश्न हाच आहे.

१९८२ सालीं रोम येथें जागतिक अजिंक्यपदाचे सामने चालूं होते. सोव्हिएत संघाचा व्लादिमीर स्मिर्नोव्ह हा त्या वेळीं फॉइलमधील जगांतील अग्रगण्य खेळाडू. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचें सुवर्णपदक त्याचें. त्याचा सामना पश्चिम जर्मनीच्या माथियास बेअर याच्याशीं होता. दोघेहि एकाच क्षणीं पुढें आले, बेअरचें पातें तुटलें, आणि तुटका भाग स्मिर्नोव्हच्या मुखवट्याची जाळी भेदून डोळ्यावाटे मेंदूंत गेला. नऊ दिवसांनीं स्मिर्नोव्ह मरण पावला. यांत बेअरचा कांहींच अपराध नव्हता. त्याचा हात आमच्या नववींतील मुलाच्या हाताप्रमाणेंच पुढें जात राहिला होता. या दुर्घटनेनंतर मुखवटे, जाकिटें व पातीं या तिहींचे नियम कडक झाले. मुखवट्याच्या जाळीची १२ किलोच्या दाबानें परीक्षा घेण्याची रीत रूढ झाली, आंतरराष्ट्रीय सामन्यांतील वस्त्रें ८०० न्यूटनचा दाब सोसणारीं असावीं असें ठरलें, आणि फॉइल व एपी यांचीं पातीं मारेजिंग नांवाच्या पोलादाचीं असावीं असा नियम आला.

साध्या पात्याचें पोलाद म्हणजे स्प्रिंगचें पोलाद. त्याची ताकद कर्बावर व पाणी देण्यावर अवलंबून असते : लाल तापवून तेलांत किंवा पाण्यांत बुडविलें कीं तें कठीण होतें, व पुन्हां मंद तापविलें कीं त्याचा ठिसूळपणा उतरतो. मारेजिंगची तऱ्हा अगदीं निराळी. त्यांत कर्ब जवळजवळ नसतोच. शेंकडा सुमारें १८ निकेल, त्याखेरीज कोबाल्ट, मॉलिब्डेनम व थोडें टायटॅनियम असतें. तें घडवून झाल्यावर सुमारें ४८० अंश उष्णतेंत कांहीं तास ठेवतात. त्या अवधींत पोलादाच्या आंत अतिसूक्ष्म कण तयार होतात व तेच त्याला बळ देतात. परिणाम असा कीं, या पोलादांत पडलेली चीर फार सावकाश पुढें सरकते.

चिरेचें महत्त्व कां, तें सांगतों. पातें एका धक्क्यानें क्वचितच तुटतें. प्रत्येक स्पर्शाच्या वेळीं तें वांकतें. बाहेरच्या बाजूस ताण पडतो, आंतल्या बाजूस दाब. हजारों वेळां असें झाल्यावर एखाद्या खांचेशीं किंवा गंजाच्या ठिपक्याशीं केसाएवढी चीर उघडते. त्यापुढें प्रत्येक स्पर्श तिला थोडी थोडी वाढवितो, आणि एके दिवशीं उरलेली जाडी अपुरी पडते. आमच्या तुटलेल्या पात्याचा भेद भिंगाखालीं पाहिला तेव्हां हा सर्व इतिहास त्यावर लिहिलेला दिसला : एका कडेला जुना, काळवंडलेला भाग, उरलेला ताजा, चकचकीत. काळा भाग जवळजवळ निम्मा होता. म्हणजे कोन दिसूनहि मीं ज्या तीन आठवड्यांत तें वापरूं दिलें, त्यांत तें पातें अर्ध्याच जाडीच्या आधारावर खेळत होतें.

मारेजिंगविषयीं एक गैरसमज पसरला आहे, तोहि येथें खोडून काढला पाहिजे. तें पातें तुटलें तरी बोथट तुटतें, असें पुष्कळ जण, एवढेंच नव्हे तर विकणारेहि, सांगतात. तें खरें नाहीं. तेंहि तितकेंच धारदार तुटूं शकतें. त्याचा लाभ हा कीं, तें फार कमी वेळां तुटतें. म्हणून "मारेजिंग आहे, मग काळजी कशाची?" असें म्हणून जाकिटाच्या आंतील संरक्षक वस्त्र घरीं विसरून येणाऱ्यास मी खेळूं देत नाहीं.

तुटलेलें पातें जोडतां येईल काय, असें मला एका पालकांनीं विचारलें. तोच प्रश्न घेऊन मी आठवड्याच्या बाजारांत एका लोहाराकडे गेलों होतों. त्यानें तुकडा हातांत घेतला, वांकवून पाहिला व परत दिला. "जोडून देतो म्हटलं तर देईन, मास्तर," तो म्हणाला, "पण जोडलं तिथलं पाणी उतरंल. मग हे पातं राहत नाही, गज होतो." पुस्तकांत जें दोन पानें भरून लिहिलेलें असतें तें त्यानें दोन वाक्यांत सांगितलें. जोड देण्याच्या उष्णतेनें आजूबाजूच्या पोलादाचा सर्व संस्कार नाहींसा होतो. तें तेथें मऊ किंवा ठिसूळ होतें व पुढच्या खेपेस तेथेंच मोडतें. जोडलेलें पातें कोणाच्याहि हातीं देऊं नये.

मुठींत शिरणाऱ्या शेपटीविषयीं थोडकेंच पुरे. तिच्यावरील आटे बहुधा ६ मिलिमीटरचे असतात, परंतु अमेरिकन मापाचे आटेहि आढळतात. जुना नट बरोबर पाठवावा किंवा माप लिहावें. सरळ फ्रेंच मुठीस लांब शेपटी लागते व पिस्तुलाच्या घाटाच्या मुठीस आंखूड. म्हणून नवी शेपटी लांबच येते व ती आपण कापून घ्यावयाची असते. कापण्यापूर्वीं दोनदां मोजावें. आमच्याकडे एकदां घाईनें पाऊण सेंटिमीटर अधिक कापली गेली आणि कोरें पातें विनाकारण निकामी झालें.

विजेच्या फॉइलसाठीं पातें घ्यावयाचें असल्यास त्याच्या वरच्या अंगास लांब खोबण असते व तींत तार चिकटविलेली असते. अग्राशीं असलेली टोपी दाबली गेली म्हणजे यंत्रावरील दिवा लागतो. त्या टोपीच्या स्प्रिंगनें ५०० ग्रॅमचें वजन उचलून धरलें पाहिजे. तेवढें वजन टोपीवर ठेवूनहि दिवा लागला तर स्प्रिंग नादुरुस्त. तसेंच अग्रापासून १५ सेंटिमीटरपर्यंत पात्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली असावी. तार बसविलेलें पातें महाग पडतें. ज्यांच्या शाळेंत विजेचें यंत्रच नाहीं त्यांनीं सरावासाठीं साधें, रबरी बोंडाचें पातें घ्यावें. त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

पार्सल आल्यावर काय पाहावें? पातें डोळ्याच्या रेषेंत धरून शेपटीकडून अग्राकडे नजर टाकावी. उभ्या पातळींतला सौम्य, सारखा बाक चालतो. नियमाप्रमाणें तो १ सेंटिमीटरहून कमी व पात्याच्या मध्याजवळ असावा. आडव्या बाजूस गेलेला किंवा सर्पाकृति बाक असल्यास पातें परत करावें. मग अग्र भिंतीवरील गादीस टेंकवून हळूच दाबावें. कमान गोल व मोकळी झाली पाहिजे. एकाच जागीं ती मोडल्यासारखी दिसली तर तेथील पाणी असमान आहे असें समजावें. खेळतां खेळतां आलेला साधा बाक काढण्यास पातें जोड्याच्या तळव्याखालीं धरून सावकाश ओढतात. तो प्रकार शिक्षकांकडून शिकून घ्यावा. मात्र पात्यास कोन पडला असेल तर तो सरळ करूं नये. सरळ केलेला कोन डोळ्यांस दिसेनासा होतो, पोलादांतून जात नाहीं.

चीर शोधण्याची एक जुनी युक्ति आमच्या प्रयोगशाळेनें करून पाहिली. रेल्वेच्या कारखान्यांत आंसांच्या चिरा पूर्वीं अशाच शोधीत. पातें रॉकेलांत कांहीं वेळ बुडवून ठेवावें, कोरडें पुसावें, आणि त्यावर खडूची बारीक पूड पाण्यांत कालवून पातळ लेप द्यावा. लेप वाळला कीं पातें हलकेच वांकवावें. चिरेंत शिरलेलें रॉकेल बाहेर झिरपतें व पांढऱ्या लेपावर ओलसर काळपट रेघ उमटते. उरलेल्या सहा पात्यांवर आम्हीं हा प्रयोग केला. एकावर अग्रापासून दीड वितीवर अशी रेघ उमटली. तें पातें आदल्याच दिवशीं एका मुलीच्या हातांत होतें. नंतर वजनाची परीक्षा घेतली, तींत एक पातें साडेचार सेंटिमीटर लवलें व एक साडेदहा; तीं दोन्ही मर्यादेबाहेर गेलीं. उरलीं तीन.

वर्गांत मुलें चौदा. माजी विद्यार्थ्यांनीं दिलेल्या देणगींत साधीं दहा पातीं आलीं असतीं. मारेजिंगचें पातें साध्याच्या अडीच ते तीनपट किंमतीचें. त्या हिशेबानें अवघीं चार. मुख्याध्यापकांनीं विचारलें, "चौदा मुलांस चार पातीं कशीं पुरणार?" प्रश्न रास्त होता. मुलांचेंहि म्हणणें दहा पातीं घ्यावीं असेंच होतें. पाळी येण्याची वाट पाहणें कोणास आवडतें? मीं त्या सर्वांस भिंगाखालचा तो तुकडा दाखविला व निर्णय त्यांच्याशीं बोलूनच केला. ५ क्रमांकाचीं तीन मारेजिंग पातीं मोठ्या मुलांसाठीं, कारण जोर त्यांच्या झेपेंत असतो. २ क्रमांकाचीं दोन साधीं पातीं लहानांसाठीं. जुनीं तीन मिळून आठ झालीं. एका वेळीं चार जोड्या खेळतात. उरलेल्या सहांपैकीं चौघें पावलांचा सराव करतात व दोघें पंचाचें काम शिकतात. पंचाचें काम शिकणाऱ्यांस खेळ अधिक समजूं लागला आहे, हा अनपेक्षित फायदा झाला. साडेचार सेंटिमीटरवाल्या ताठ पात्यास भिंतीवरील गादी टोंचण्याच्या कामीं लावलें आहे. माणसासमोर तें येत नाहीं.

आतां प्रत्येक पात्यास नंबर असून एक वही ठेवली आहे. पातें कोणत्या तारखेस आलें, कितीं सेंटिमीटर लवलें, रॉकेल-खडूची परीक्षा केव्हां झाली, हें तींत लिहितात. पावसाळ्यांत बुलढाण्याच्या हवेंत दोन दिवस ओल्या पिशवींत राहिलेल्या पात्यावर गंजाचे ठिपके येतात, म्हणून सराव संपतांच पातीं पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरविण्याची पाळी लावून दिली आहे. वही मुलेंच लिहितात. ज्यास कोन दिसेल त्यानें कोणास न विचारतां पातें बाजूस ठेवावें व नंबरापुढें लाल रेघ मारावी, असा नियम आहे. ती रेघ खोडण्याचा अधिकार मलाहि नाहीं. गेल्या महिन्यांत सहावींतील एका मुलानें चांगल्या पात्यावर अशी रेघ मारली. आम्हीं परीक्षा घेतली, चीर निघाली नाहीं, पातें त्यानेंच पुन्हां मांडणीवर नेऊन ठेवलें.

तुटलेल्या पात्याचे दोन्ही तुकडे पदार्थविज्ञानाच्या कपाटांत, खालून दुसऱ्या फळीवर आहेत. भिंग शेजारींच ठेवलें आहे.